शिलेदाराच्या तोंडचा शब्द

२ जून

चि. भाचीबाई,

आशीर्वाद आधी, भांडण नंतर.

तू म्हणतेस, 'मामा, आमच्या शनिवारच्या खेळात या.' पत्र हातात घेऊन मी हसत बसलो होतो, तेवढ्यात तुझ्या मामीने ते ओढून घेतलं आणि माझी उलटतपासणी सुरू झाली.

मी तिला सांगितलं, "काही माणसं टेबलाभोवती बसतात. पट नाही, पत्ते नाहीत. जो तो एक सोंग घेतो, कोणी चोर, कोणी वैद्य. आपली भाची सूत्रधार. ती म्हणते, समोर नदी आहे, पूल तुटलाय, आता काय करता? मग ज्याने त्याने आपल्या सोंगाला शोभेल तसं वागायचं. जमलं की फसलं ते फासा ठरवतो."

"म्हणजे भातुकली," मामी म्हणाली. "पांढऱ्या केसांची."

"तसंच समज."

"आणि तुम्ही इतक्या लांबून कसे खेळणार? फोनवर? फोनवर तुम्हाला निम्मं ऐकू येतं आणि उरलेलं निम्मं तुम्ही मनाचं घालता."

म्हणून ठरलं, मी पत्राने खेळणार. काय घडलं ते तू लिही, मी काय करतो ते मी लिहीन.

सोंगही ठरलंय. मला शिलेदार व्हायचंय, वचनाचा पक्का. हसू नकोस. मी जन्मभर दुकानांचे बोर्ड रंगवले. गिऱ्हाईक म्हणेल ते लिहिलं, 'शहरात सर्वात जुने', 'आमची शाखा कोठेही नाही'. समोर दुसरी शाखा दिसत असली तरी लिहिलं. आता एकदा तरी असा माणूस व्हायचंय, ज्याच्या तोंडून फक्त खरंच निघतं.

त्याची तीन वचनं लिहून घे. खोटं बोलणार नाही. शरण आलेल्याला सोडणार नाही. धन्याची आज्ञा मोडणार नाही.

तुझा,
मामा

---

९ जून

प्रिय मामा,

नमस्कार. मामीला सांगा, भातुकलीत भांडी असतात, आमच्याकडे दात आहेत.

खरंच. लॅब बंद झाली की आम्ही कामाच्याच टेबलावर बसतो. दिवसभर लोकांच्या कवळ्या केलेल्या असतात, आणि फेकून द्यायचे प्लास्टरचे जबडे पुष्कळ उरतात. ते ओळीने उभे केले की किल्ल्याचा तट होतो. दाढांच्या बाजूला बुरूज. तुमचा शिलेदार मी मेणात कोरून प्लास्टरमध्ये ओतलाय, अंगठ्याएवढा. त्याला कमरपट्टाही केलाय. कवळीच्या हिरड्यांसाठी जो गुलाबी मसाला वापरतो, त्याचा. त्यामुळे शूरवीर जरा लाजल्यासारखा दिसतो.

तो पट्टा नुसता शोभेचा नाही. तीनपैकी एक जरी वचन मोडलं तरी पट्टा निघणार आणि शिलेदार कायमचा पेटीत. नियम मी केलाय. चालेल ना?

माणसं सांगते. रेडिओ माझ्या शेजारी बसते, मेणाचं काम करते. तिचं बटण बंद होत नाही. खेळात ती चोर आहे. दुसरा भट्टी सांभाळतो, त्याला सगळे मौनीबाबा म्हणतात. कामावर 'हो', 'नाही' आणि 'झालं' एवढंच बोलतो. खेळात तो देवळातला घंटा वाजवणारा आहे. हे सोंग त्याने का घेतलं ते उघड आहे, घंटा वाजवली की बोलावं लागत नाही.

एकच अडचण. पत्र वेळेवर नाही आलं तर आम्ही काय करायचं?

तुमची,
भाची

---

१५ जून

चि. भाचीबाई,

पट्ट्याचा नियम एकदम मान्य. ज्याला पट्टा जायची भीती नाही त्याने वचनं कशाला द्यावीत?

पत्राचं म्हणशील तर एक बैठक वाट बघा. दुसऱ्या बैठकीलाही नाही आलं तर खोळंबू नका. टेबलावरच्या कोणीही शिलेदाराला हलवावं, बोलावं. माझी पूर्ण मुभा आहे. माणसं चांगली आहेत असं तू म्हणतेस, मग मला पुरे.

मामी विचारते, घोड्याला खायला कोण घालतं? खेळात असली तरी जबाबदारी आहे, म्हणते.

मामा

---

२० जुलै

प्रिय मामा,

घोड्याला रेडिओ चोरून आणलेला चारा घालते, आणि शिलेदाराने तो कुठून आला हे विचारू नये अशी तिची विनंती आहे.

मामा, तुमचा माणूस गाजलाय! गेल्या महिन्यात त्याने जकातनाक्यावर स्वतःहून सांगितलं की आमच्या गाडीच्या तळाशी एक पेटारा लपवलाय. तेव्हापासून सगळ्या मुलखात बोलवा झालाय, तो बोलला म्हणजे खरं. पहारेकरी त्याच्या गाडीची झडती घेणंच सोडून देतात. (रेडिओ अजून त्या पेटाऱ्यासाठी हळहळते.)

आता नीट वाचा. मी तुमच्यासाठी खास पेच तयार केलाय, आणि मला त्याचा अभिमान आहे.

पाणचक्की आहे. तिच्या आत, पिठाच्या पोत्यांमागे, शत्रूकडचा एक जखमी सैनिक लपलाय. अगदी कोवळा पोरगा. त्याने तुमच्या शिलेदाराचे पाय धरले आणि तुमच्या शिलेदाराने 'उठ, तुला कोणी हात लावणार नाही' असं म्हटलं. म्हणजे तो शरण आलेला. आता दारात धन्याचा सरदार आलाय, मागे घोडेस्वार. हा सरदार तुमच्या शिलेदाराचा जुना सोबती. तो म्हणतो, "धन्याची आज्ञा आहे, विचारेन त्याचं उत्तर दे. आत कोणी आहे का?"

खरं सांगितलं तर शरणागत गेला. खोटं सांगितलं तर खोटं. गप्प बसला तर आज्ञा मोडली. बोला मामा!

भाची

---

२९ जुलै

चि. भाचीबाई,

तुझं पत्र आल्यापासून घरात कामं तशीच पडली आहेत. उशीर झाला खरा, पण हे उत्तर घाईत द्यायचं नव्हतं.

मामी म्हणाली, "सांगा की आत पीठ आहे म्हणून. पीठ आहेच."

"ते खरं असून खोटं होईल."

"मग शिंक आली असं करा."

"किती वेळ शिंकणार?"

"सरदार कंटाळेपर्यंत."

तिच्याकडून हे असले सल्ले. आता माझं ऐक. तू पेच केलास तो हुशारीने केलास, पण त्यात एक खोट आहे. तू तीन बाजूंनी भिंती घातल्यास आणि समजलीस की माणूस कोंडला. एखाद्याला फक्त पडताना बघायचं असेल तर असं करावं. तो कसा उभा राहतो ते बघायचं असेल तर त्याला जागा ठेवावी लागते. तू माझी भाची, त्यामुळे नकळत ठेवलीस. शिलेदार दारात उभा आहे, आणि दार त्याच्या अंगाने भरलंय.

तर तो म्हणतो, "आहे. आत एक जखमी पोरगा आहे. तो मला शरण आलाय, म्हणून मी दारातून हलणार नाही. तुझ्यावर तलवार उचलणार नाही आणि वाटही देणार नाही. तुझा माणूस पाठवून धन्याला विचार, त्याने माझं वचन घेतलं तेव्हा त्यात शरण आलेल्याला न सोडणंही होतं की नाही. उत्तर येईपर्यंत मी इथेच आहे."

यात वचन एकही मोडत नाही, मात्र शिलेदार मरू शकतो. मरू दे, पट्ट्यासकट मरेल. फासा टाक, आणि काय होतं ते लगेच कळव. मामी बोलून दाखवत नाही, पण पोस्टमनची वाट तीच बघते.

मामा

---

३ ऑगस्ट

प्रिय मामा,

तुमचं पत्र पोचलं. छान आहे उत्तर. इकडे काम खूप आहे, एका दवाखान्याची मोठी ऑर्डर आलीय. खेळ जरा पुढे ढकललाय. मामीची तब्येत कशी आहे? तुम्ही जपा.

भाची

---

७ ऑगस्ट

चि. भाचीबाई,

मामीची तब्येत ठणठणीत आहे आणि तू ती विचारलीस म्हणूनच मला शंका आली.

तू खुशीत असलीस की पानं भरभरून लिहितेस, रागात असलीस की त्याहून जास्त. एवढंसं पत्र तू कॉलेजात असताना एकदाच पाठवलं होतंस. तेव्हा तुझ्या आईची शिलाई मशीन तुझ्या हातून पडली होती आणि तुम्ही दोघी मला सांगत होता की ती आपोआप पडली.

काय मोडलंय?

आणि माझ्या उत्तराला 'छान आहे' म्हणून सोडून देतेस? मला वाटलं होतं रेडिओ टेबल डोक्यावर घेईल. शिलेदार मेला असेल तर मेला म्हण. मी म्हातारा झालोय, मेण नाही झालो.

मामा

---

११ ऑगस्ट

मामा,

शिलेदार मेला नाही. मेला असता तर बरं झालं असतं.

तुमचं पत्र पहिल्या बैठकीला आलं नाही, आम्ही थांबलो. दुसऱ्या शनिवारीही आलं नाही. तुमचाच नियम होता. मी म्हटलं, "शिलेदारासाठी कोण बोलतंय?" रेडिओकडे बघूनच म्हटलं, दुसरं कोण बोलणार? तिने तोंड उघडलं, आणि तेवढ्यात मौनीबाबाने हात पुढे केला.

मामा, तो माणूस महिनोन् महिने आमच्याबरोबर बसतोय आणि 'घंटा वाजवतो' यापलीकडे एक वाक्य बोलला नव्हता. त्याने तुमचा शिलेदार उचलला, जबड्यांच्या तटासमोर ठेवला आणि एकदम भरदार आवाजात म्हणाला, "आत कोणी नाही. माझा शब्द."

आणि सरदाराने विश्वास ठेवला. फासा टाकायची गरजच नव्हती. तुमच्या शिलेदाराच्या शब्दावर कोण शंका घेणार? सरदाराने मान लववली, "तू म्हणतोस म्हणजे झालं," असं म्हणाला आणि घोडे वळवले. रेडिओने टाळ्या पिटल्या, त्याच बैठकीत पोराला नदीपार करून त्याच्या घरी पोचवलं. मौनीबाबा लाल झाला होता आणि हसत होता. तो हसतो हे आम्हाला माहीतच नव्हतं.

सोमवारी तुमचं पत्र आलं. जेवणाच्या सुट्टीत मी ते वाचून दाखवलं. वाचायला नको होतं. मौनीबाबाने डबा बंद केला, "चुकलं माझं. मी आपला भट्टीपाशीच बरा," म्हणाला आणि उठून गेला. त्यानंतरच्या शनिवारी आला नाही.

रेडिओ म्हणते, खोडून टाका, मामांचं पत्र वेळेत आलं असं धरा. पण मांडलेली चाल मागे घ्यायची नाही हा टेबलाचा पहिला नियम. आणि खोडली तर त्याने आयुष्यात एकदा तोंड उघडलं तेच आम्ही पुसलं असं होईल. नाही खोडली तर पट्टा काढावा लागेल. तुमचा शिलेदार, तुमची काहीही चूक नसताना, पेटीत जाईल.

मी पट्ट्याला हात लावलेला नाही. तुम्ही सांगाल ते करीन.

भाची

---

१५ ऑगस्ट

चि. भाचीबाई,

खोडायचं नाही. एक अक्षरसुद्धा नाही. हे आधी लिहितो म्हणजे पुढचं तू शांतपणे वाचशील.

'तुमची काहीही चूक नसताना' असं लिहिलंयस. बघ, बोर्डाच्या खालच्या कोपऱ्यात मी माझं नाव घालायचो, बारीक. वरची अक्षरं कधी मी भरायचो, कधी माझा जोडीदार. अस्तराचा हात वाळायच्या आधी त्याने रंग चढवला आणि पहिल्याच उन्हात पोपडे निघाले, तर दुकानदार कोणाला बोलवायचा? कोपऱ्यात ज्याचं नाव त्याला. शिडी घेऊन मी जायचो. 'मी नाही, त्याने केलं' असं कधी म्हटलं नाही, कारण मग ते नाव कशाला घालायचं? टेबलावर कोणीही बोलावं अशी मुभा मीच दिली. माझ्या नावाने शब्द निघाला, तो माझा.

मामीने वाचून विचारलं, "मग तो मौनीबाबा चुकला की बरोबर?"

मी म्हटलं, "पोरगा घरी पोचला ना?"

"पोचला."

"मग त्याला चूक म्हणायला माझी जीभ वळत नाही. पण सरदार फसला ना?"

"फसला."

"मग बरोबरही म्हणवत नाही. कोणीतरी त्याची भरपाई करायला हवी, एवढंच मला कळतं."

तेव्हा शिलेदाराची पुढची चाल अशी. पोरगा सुखरूप आहे, आता खरं बोलण्याची झळ फक्त शिलेदाराला. तो घोडा काढतो, धन्याच्या दरबारात जातो आणि सरदारासमोर म्हणतो, "त्या दिवशी पाणचक्कीत माणूस होता. तुला माझ्या नावाने खोटं सांगितलं गेलं. शब्द माझा, दंडही माझा." कोण बोललं विचारलं तर सांगायचं नाही. माफी मागायची नाही. पट्टा त्याने स्वतः सोडायचा, तू नाही.

आणि सूत्रधारबाई, मामा म्हणून दरबारात सूट दिलीस तर मी पुन्हा पत्र लिहिणार नाही. तुझ्या धन्याने धन्यासारखंच वागावं.

एक अट. ही चाल मौनीबाबाने वाचायची. शिलेदार त्याच्याच हाताने दरबारात जायला हवा. त्याला माझा निरोप दे: अरे बाबा, मी उत्तर शोधायला आठवडा लावला, तू एका दमात दिलंस. दोघांच्या उत्तरात फरक आहे, तो आपण भांडून बघू. पण भांडायला समोर माणूस लागतो. तू भट्टीपाशी जाऊन बसलास तर मी भांडू कोणाशी?

मामा

---

२६ ऑगस्ट

आदरणीय मामा,

मी भट्टीवाला. मला पत्र लिहायची सवय नाही. तुमची भाची म्हणाली, तूच लिही.

तुमचा निरोप तिने भट्टीपाशी येऊन वाचला. आत कवळ्या होत्या म्हणून मला पळताही आलं नाही. मग शनिवारी गेलो.

शिलेदार मी हातात घेतला. तुम्ही लिहिलेलं वाचलं. दरबाराला सगळे जबडे अर्धगोल मांडले होते, त्यामुळे इतके दात आपल्याकडेच बघतायत असं वाटत होतं. तुमची भाची धन्याच्या आवाजात म्हणाली, "खोटं कोण बोललं?" तुमच्या पत्रात होतं, सांगायचं नाही. शिलेदार गप्प राहिला. तिने पुन्हा विचारलं.

मग मी माझा घंटावाला पुढे सरकवला. म्हटलं, "मी बोललो. याच्या नावाने, याला न विचारता." रेडिओताई पहिल्यांदाच गप्प होत्या.

तुमच्या भाचीने सूट दिली नाही. सरदार म्हणाला, "जखमी पोराला वाचवलंत याचा मला राग नाही. पण माझा एकच माणूस होता ज्याला मी दुसरा प्रश्न विचारत नव्हतो. आता तोही नाही." हे ऐकून मला फार वाईट वाटलं. मी पोराचाच विचार केला होता. सरदाराचं काय होईल हे मनातच आलं नव्हतं.

पट्टा मी काढला, चिमट्याने, शिलेदाराच्या वतीने. शिलेदार कापसात गुंडाळून पेटीत ठेवला. नंतर तुमची भाची चहा आणायला म्हणून आत गेली आणि बराच वेळ आली नाही.

मामा, एक विचारायचं आहे. पट्टा माझ्या खिशात आहे. मला शिलेदार व्हायचंय. तीच तीन वचनं घेऊन. पण ज्याने ती मोडली त्याला ती घेता येतात का? तुम्ही नाही म्हणालात तर मी पट्टा परत करीन. घंटावाला म्हणून राहीन, आणि बोलेन.

आपला,
भट्टीवाला

---

३१ ऑगस्ट

चि. मौनीबाबास,

आशीर्वाद. इतकं लांबलचक पत्र लिहिणाऱ्याला मौनीबाबा म्हणायचं म्हणजे माझ्या जुन्या बोर्डांसारखंच झालं.

माझा शिलेदार गेला त्याचं मनाला लावून घेऊ नकोस. थाटात गेला. मामीने तुझं पत्र वाचून दाखवलं, मी खुर्चीत बसून दरबार ऐकला आणि तिने डोळे पुसले. विचारलं तर म्हणते, कांदा. घरात कांदा नव्हता. भाचीला म्हणावं, धनी शोभलीस, आता तोंड धू.

तुझं विचारणं मात्र चुकीच्या पत्त्यावर आलंय. तू मला फसवलं नाहीस. मला तर तू आठवडाभर पुरेल एवढा विचार दिलास. त्यामुळे तो पट्टा तुला द्यायचा किंवा नाकारायचा अधिकार माझ्याकडे नाही, आणि नियम केले म्हणून तुमच्या सूत्रधाराकडेही नाही. ज्या सरदाराने घोडे वळवले त्याच्याकडे जा. एकटा जा, रेडिओला बरोबर नेऊ नकोस, ती तुझ्या वतीने बोलेल. त्याला विचार, तुझ्या विश्वासाला मी पुन्हा कधी पात्र होईन का? तो 'नाही' म्हणाला तर ते ऐकून घे आणि दुसऱ्या दिवशी परत जा. 'हो' म्हणाला तर तो काय मागतो ते दे.

खोटं बोललेल्या माणसाला वचन घेता येतं का, असं विचारतोस. मला वाटतं, ज्याला खोट्याची किंमत कळली त्यानेच घ्यावं. माझ्या शिलेदाराला ती माहीत नव्हती. तो जन्मतःच खरा होता, मी त्याला तसा लिहिला म्हणून.

मी येतोय पुन्हा टेबलावर. या वेळी मामीही येणार, तिने घोड्यांचा व्यापारी व्हायचं ठरवलंय. तुमच्या जनावरांचे हाल तिला बघवत नाहीत.

तुझा मामा
(आता तूही म्हणू शकतोस)

---

१६ सप्टेंबर

मामा,

गेलो. एकटाच गेलो. रेडिओताईंना बाहेर कॉरिडॉरमध्ये उभं केलं होतं, त्या दारातून ऐकत होत्या.

सरदार पहिल्या शनिवारी 'नाही' म्हणाला. मी ऐकून घेतलं आणि पुढच्या शनिवारी परत गेलो. तेव्हा त्याने बराच वेळ माझ्याकडे बघितलं. म्हणजे तुमच्या भाचीने बघितलं, पण मला सरदारच दिसत होता. मग म्हणाला, "पट्टा माझ्याकडे ठेव. माझ्या घोड्याचा मोतद्दार हो, त्याचं चारापाणी बघ. रोज सकाळी मी तुला एक प्रश्न विचारीन. ज्या दिवशी मला वाटेल की दुसरा विचारायची गरज नाही, त्या दिवशी पट्टा मी बांधीन."

मी पट्टा खिशातून काढून त्याच्यापुढे ठेवला.

त्याने लगेच पहिला प्रश्न विचारला, "माझा घोडा कसा आहे?"

मामा, मी खरं सांगितलं. चावतो.

मौनी